एनर्जी क्लब काढताय? आधी कुणाचं तरी लाईट बिल मागा

प्रश्न असा आहे: "मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही आठ-दहा जण कॉलेजात एनर्जी क्लब काढतोय. ऊर्जाक्षेत्रातले प्रश्न समजून घ्यायला अशा क्लबांत नेमकं काय करतात? की पोस्टर स्पर्धा आणि सर्टिफिकेट एवढंच?"

आमचं पहिलं वर्ष पोस्टर आणि सर्टिफिकेट एवढ्यातच गेलं, त्यामुळे तुमची शंका अगदी रास्त आहे. मी २०१६ ते २०२० या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकलला होते. क्लबची पहिली मीटिंग झाली तेव्हा वर्गात बसायला जागा नव्हती. दुसऱ्या मीटिंगला वीस-बावीस जण आले, तिसऱ्याला नऊ. तेच नऊ शेवटपर्यंत टिकले. पहिले दोन महिने लोगो कसा असावा यावर वाद घालण्यात गेले. मग १४ डिसेंबर, ऊर्जा संवर्धन दिन. 'वीज वाचवा' असं लिहिलेली तीस पोस्टर हॅलोजनच्या उजेडात लावली. आज आठवलं तरी हसू येतं.

क्लबला खरी सुरुवात करून दिली ती होस्टेलच्या वायरमन काकांनी. आम्ही खोल्याखोल्यांतून जुने पंखे मोजत फिरत होतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा, कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी मोटरचा २८ ते ३० वॅट, म्हणजे इतके पंखे बदलले की इतके युनिट वाचतील, असा आमचा हिशेब चाललेला. काका शिडीवर उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "पंख्याचं राहू द्या. मे महिन्यात पोरं घरी, मेस बंद, होस्टेलला कुलूप. तरी बिल एवढं कसं येतं ते सांगा की."

सांगता येईना. ऑफिसातून बिलांच्या झेरॉक्स मिळवायला तीन आठवडे लागले, कारण विद्यार्थ्यांना बिलं कशाला हवीत हेच कुणाला कळेना. शेवटी एचओडी सरांची सही आणली तेव्हा काम झालं. कॉलेजचं कनेक्शन उच्चदाबाचं होतं. अशा कनेक्शनला नुसत्या युनिटचे पैसे नसतात, डिमांडचेही असतात. महिन्यात एखाद्या वेळी तुम्ही एकदम जास्तीत जास्त किती भार ओढला, त्याचे दर केव्हीएमागे (केव्हीए हे भार मोजायचं माप) काही शे रुपये. खरी गोम पुढे होती. त्या महिन्याची प्रत्यक्ष डिमांड कितीही कमी असली, तरी मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या डिमांडच्या ७५ टक्के तरी धरलीच जाते.

आमचा करार ३०० केव्हीएचा होता. मे महिन्यात प्रत्यक्ष डिमांड ११० च्या आसपास, पण बिलात २१८. मागे मागे गेलो तर जानेवारीत २९०. जानेवारीत असं काय होतं? थंडी! चार इमारतींत मिळून ४८ गिझर, प्रत्येकी दोन किलोवॅटचे, आणि आठच्या लेक्चरसाठी सगळे साडेसहाला एकदम चालू. म्हणजे जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही केलेल्या अंघोळीचे पैसे कॉलेज मे महिन्यातल्या रिकाम्या होस्टेलसाठी भरत होतं.

उपाय स्वस्तातला होता. टायमर लावून दोन इमारतींचे गिझर पहाटे पाच ते सहा चालू ठेवायचे, उरलेल्या दोन इमारतींचे त्यानंतर. टाकीतलं पाणी तासभर गरम राहतंच. पुढच्या जानेवारीत डिमांड २४५ वर थांबली आणि मे महिन्यात १८४ लागली. पंखे मात्र अजून तेच आहेत म्हणे. तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा. कॉलेजचं बारा महिन्यांचं बिल मागा, एका ओळीत मांडा आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ लागेपर्यंत उठू नका.

यातूनच आमचा दुसरा उद्योग निघाला. दिवाळीहून परत येताना प्रत्येकाने घरचं बिल आणायचं. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांवरून वीज आपल्यापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असे रकाने असतात. आम्ही चार वर्षं इलेक्ट्रिकल शिकत होतो आणि वहन आकार म्हणजे काय हे एकालाही धड सांगता येत नव्हतं. मुंबईच्या मुलीने आणलेलं बिल दुसऱ्याच कंपनीचं, त्याचे दर वेगळे. इचलकरंजीच्या मुलाने घरच्या यंत्रमागांचं आणलं. आणि एकाने वडिलांच्या विहिरीवरच्या मोटरचं आणलं. त्यावर युनिटचा आकडाच नव्हता! पाच एचपीची मोटर, मीटर नाही, एचपीवर आकारणी. ते बिल टेबलावर मधोमध ठेवून आम्ही रात्री एक वाजेपर्यंत भांडलो. यंत्रमागवाला म्हणे, आमच्या दरातून तुमची मोटर चालते. शेतकऱ्याचा मुलगा म्हणे, तुमच्याकडे वीज दिवसा येते, माझा बाप रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून जातो, साप चावला तर त्याचा आकार कुठल्या रकान्यात लावणार? क्रॉस सबसिडी, म्हणजे एकाच्या चढ्या दरातून दुसऱ्याला स्वस्त वीज, हा शब्द नंतर पुस्तकात भेटला तेव्हा त्याला दोन ओळखीचे चेहरे होते.

सहली काढाल तर थोड्याच काढा आणि गणित करून जा. आम्ही कोयनेला गेलो होतो, पोफळीचं डोंगराच्या पोटातलं वीजघर बघायला. परवानगीची पत्रं दोन महिने आधी द्यावी लागली. आत मोबाईल नाही, फोटो नाही. बोगद्यातून गाडी आत जाते, कानात दडे बसतात, आणि एकदम एखाद्या मोठ्या देवळाच्या सभामंडपासारखी जागा उघडते. पण मला त्या दालनापेक्षा आदल्या रात्रीचं गणित जास्त आठवतं. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आणि धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. मग ती रात्रंदिवस का चालवत नाहीत, कोळसा तरी वाचेल?

उत्तर पाण्यात आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी पूर्वेला कराडकडे जायचं. वीजनिर्मितीसाठी ते पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात टाकतात. तिथून कोळकेवाडी, वाशिष्ठी, चिपळूण आणि अरबी समुद्र. एकदा खाली गेलेलं पाणी कृष्णाकाठच्या उसाला मिळत नाही. म्हणून कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. आमच्या हिशेबाने एका टीएमसीतून साधारण चार कोटी युनिट मिळतात. सगळी जनित्रं अहोरात्र चालवली तर वर्षभराचा कोटा दोनेक महिन्यांत संपेल. म्हणून ती बव्हंशी सकाळ-संध्याकाळच्या चढ्या मागणीसाठी राखून ठेवतात. औष्णिक संच थंड पडला तर पुन्हा उभा करायला तास न् तास लागतात, पाण्याची जनित्रं मिनिटांत येतात. क्लबातला कराडचा मुलगा परतीच्या गाडीत म्हणाला, "आमच्याकडे पाण्याचं आवर्तन लांबलं की सगळे शिव्या घालतात. शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या ते आज कळलं. कुणालाच नाही." ते काही मला पूर्ण पटलं नाही, पण ते असो.

एन्रॉनचा खेळ आम्ही पावसाळ्यात खेळलो. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा इतिहास घरच्या मोठ्यांच्या तोंडून तुम्ही ऐकला असेलच. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी करार झाला, १९९५ साली राज्य सरकारने तो रद्द केला, मग वाटाघाटी होऊन पुन्हा सुरू केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला, दोन वर्षांत मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. आम्ही तिघांचं वीज मंडळ केलं आणि तिघांची कंपनी. करार तुम्हीच लिहा म्हटलं. पुढे मागणी किती वाढते ते फासा टाकून ठरवायचं. मंडळवाल्यांनी युनिटच्या दरावर दोन तास घासाघीस केली, दहा पैसे कमी करून घेतले आणि टाळ्या वाजवल्या. क्षमता आकाराच्या कलमाकडे कुणी बघितलंच नाही. वीज घ्या अगर घेऊ नका, प्रकल्प ९० टक्के वेळ तयार असला की त्याचे पैसे द्यायचे, तेही डॉलरच्या भावाने. फासा पडला दोन. मागणी वाढलीच नाही. वीज थोडीच घेतली आणि ठरलेले पैसे तेवढ्याच युनिटांवर वाटले गेले, तेव्हा दर तिप्पट झाला. इतिहास माहीत असूनही आम्ही त्याच खड्ड्यात पडलो होतो. त्यानंतर या प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या माधव गोडबोले समितीच्या अहवालातले निवडक भाग वाचले. खेळाआधी वाचले असते तर झोप लागली असती.

जनसुनावणीला मात्र जाच, आणि नुसते बघे म्हणून जाऊ नका. वीज कंपनीला दर बदलून हवे असतील तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते, आणि त्यावर कोणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, समोर उभा राहून बोलू शकतो. २०२० च्या सुरुवातीला महावितरणच्या पाच वर्षांच्या दरांची याचिका आली. शेकडो पानं, तक्त्यांवर तक्ते. आम्ही नऊ जणांनी प्रकरणं वाटून घेतली. आमचा मुद्दा एकच होता, त्या विहिरीवरच्या बिलातून आलेला: ज्या पंपांना मीटरच नाही त्यांचा वापर कशावरून धरला? तो जास्त धरला गेला तर विजेची गळती कागदावर आपोआप कमी दिसते, आणि शेतकरी फुकटा ठरतो.

रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो. सभागृहात यंत्रमागधारक, कारखानदारांचे प्रतिनिधी, पागोटं घातलेले शेतकरी, आणि वर्षानुवर्षं याच कामात मुरलेले ग्राहक संघटनांचे लोक. त्यांच्या हातात तर कागदही नव्हता, तक्ता क्रमांकासकट तोंडपाठ. आम्हाला तीन मिनिटं मिळाली. मी उभी राहिले आणि पहिलं मिनिट घसा खाकरण्यात घालवलं. कंपनीकडून लेखी उत्तर आलं, सरकारी भाषेत. ३० मार्चला आदेश निघाला. आमचा मुद्दा इतर अनेकांच्या मुद्द्यांत मिसळून दोन वाक्यांत आला होता, आणि मागे जोडलेल्या यादीत आमची नावं. क्लबला मिळालेलं ते एकमेव खरं सर्टिफिकेट.

पाहुण्यांच्या व्याख्यानांबद्दल थोडक्यात: मोठ्या कंपनीच्या साहेबांना बोलावलंत तर स्लाइडवर पवनचक्क्या आणि सूर्यास्त बघायला मिळेल. सबस्टेशनवरचा निवृत्त ऑपरेटर किंवा जवळच्या शाखा कार्यालयातले कनिष्ठ अभियंता बोलवा. भारनियमनाच्या काळात गळतीनुसार फीडरचे (सबस्टेशनवरून निघणाऱ्या वीजवाहिन्यांचे) गट कसे पाडायचे आणि गावकरी कार्यालयाला टाळं ठोकायला आल्यावर काय बोलायचे, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. सोलर कारच्या वाटेला आम्ही गेलो नाही. पैसे नव्हते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्यात कुणाला वेल्डिंगही येत नव्हतं.

आमचा शेवटचा उपक्रम ठरवून केलेला नव्हता. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, होस्टेल रिकामं झालं, सगळे आपापल्या गावी. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवायचं आवाहन झालं. देशभरातली मागणी एकदम कोसळली तर ग्रिडची, म्हणजे देशभर जोडलेल्या वीजजाळ्याची, फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर जाणार आणि एकदम परतली तर खाली येणार, म्हणून राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनीही सगळे दिवे एकाच वेळी बंद करू नका असं सांगितलं होतं. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. आमच्या ग्रुपवर दुपारपासून पैजा.

साडेआठला नऊही जण कॉलवर आलो. फ्रीक्वेन्सीचा आकडा वेबसाइटवर दिसायचा. एकाने तो मोठ्याने वाचायचा, एकीने वहीत उतरवायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं, असं ठरलं. आमच्या गावात नेट धड नव्हतं म्हणून मी अंगणात उभी. आजीने पावणेनऊलाच पणत्या लावल्या आणि आतून विचारलं, "फ्रिज पण बंद करू का गं?" मी ओरडले, "नको! पंखा पण चालू ठेव!" तिला वाटलं मला उकडतंय.

लोक नऊची वाट बघत थांबले नव्हते. आधीच दिवे जायला लागले होते. मागणी शेवटी ३१ हजार मेगावॅटहून जास्त उतरली, अंदाजाच्या दुपटीपेक्षाही अधिक, आणि ती झेलली मुख्यतः देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी, मिनिटामिनिटाला निर्मिती खाली आणत. हे सगळं आम्हाला नंतर अहवालातून कळलं. त्या वेळी कानात फक्त आकडे येत होते. फ्रीक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ यांच्या मध्ये हलत राहिली, बाहेर गेली नाही. कराडवाला मध्येच कुजबुजला, "कोयना." कुणीतरी त्याला गप्प केलं, आकडा ऐकू येईना म्हणून.

नऊ वाजून बारा-तेरा मिनिटांनी समोरच्या घरातली ट्यूब लागली, मग त्याच्या पलीकडची. आजी पणत्या विझवायला बाहेर आली आणि मला म्हणाली, "एवढा वेळ फोनवर कुणाची तब्येत विचारत होतीस?"