अंगणवाडी बघायला जाताना

पोराला घालायला दोन वाड्यांतल्या अंगणवाड्या बघतेयस ना, मग रंगवलेल्या भिंतींना भुलू नकोस. दहा-साडेदहाला न सांगता जा. सेविका पोरांत बसून गाणी-गोष्टी घेतेय की नुसती रजिस्टरं भरतेय, ते बघ. (मोबाइलवरच्या नोंदींचा ससेमिरा तिच्यामागे असतोच, तेवढं समजून घे.) मदतनीस आहे का, हे आधी विचार. नसेल तर खिचडी आणि पोरं, दोन्ही तिच्या एकटीच्या गळ्यात. खेळणी पोरांच्या हातात आहेत की कपाटात कुलूपबंद? ३ ते ६ वर्षांच्या मुलांना गरम आहार तिथेच मिळतो, तो चाखून बघ. पाणी, संडास, वजनकाटा ओघाने आलंच. आणि पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागत असेल, तर सरळ जवळचीच धर.