थुंकीच्या कल्चर रिपोर्टवर ‘कंटॅमिनेटेड’ असा शेरा आलाय. वडिलांचा टीबी वाढलाय का? सीबीनॅटमध्ये (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत) टीबी आधीच निघालाय, मग हे कल्चर कशाला? पुन्हा नमुना देताना काय काळजी घ्यावी?

नाही, आजार वाढलाय असा त्या शेऱ्याचा अर्थ अजिबात नाही. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, आणि ‘कंटॅमिनेटेड’ म्हणजे त्यात दुसरेच साधे जंतू वाढून नमुना खराब झाला. जंतू आहेत की गेले, यातलं काहीच या रिपोर्टवरून ठरत नाही. नमुना पुन्हा द्यायचा, एवढंच. आणि तोवर गोळ्या एक दिवसही थांबवायच्या नाहीत.

आता, सीबीनॅटमध्ये टीबी आधीच निघालाय तर कल्चर कशाला? सीबीनॅट मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडतं. औषध चालू असताना जिवंत जंतू उरलेत का, हे कल्चरच सांगतं.

मी सोलापुरात लॅब टेक्निशियन आहे, हेच काम करते. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला 18 ते 24 तास लागतात. तोंडातले साधे जंतू ते अर्ध्या तासात उरकतात. म्हणून नमुना आला की आधी आम्ही तो कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात पंधरा-वीस मिनिटं ठेवतो. साधे जंतू मरतात, टीबीचा जंतू त्याच्या मेणचट आवरणामुळे बराचसा तगतो. पण वेळ किंवा सोडा वाढवला तर तोही मरतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. त्यामुळे अंड्याच्या हिरव्या माध्यमावर (बाटलीतल्या ज्या थरावर जंतू वाढवतो त्यावर) शंभरातले दोन ते पाच नमुने खराब होणं आम्ही धरूनच चालतो. एकही खराब होत नसेल तर उलट शंका येते, की आपण फार जोरात धुतोय. खराब झालेली बाटली बघताक्षणी कळते: हिरवा थर पातळ होऊन ओघळतो, रंग बदलतो. टीबी वाढला तर आठवड्यांनी पिवळसर, कोरडे, खडबडीत कण दिसतात.

म्हणजे लॅबच्या हातात थोडंच आहे. बाकीचं नमुना देताना आणि पोचवताना ठरतं.

सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी नमुना द्या. भाकरी-चटणीचे कण नमुन्यात आले की साध्या जंतूंचं फावतं. मिश्री किंवा तंबाखू आधी नको, औषधी माउथवॉशही नको. फक्त पाण्याने दोन-तीन वेळा चूळ भरायची, आणि ते पाणी उकळून गार केलेलं असावं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, पिंपात साठतं. त्यात टीबीच्याच गोतातले, पण निरुपद्रवी म्हणावेत असे जंतू असू शकतात. ते क्लोरीनला दाद देत नाहीत, कॉस्टिक सोड्यालाही सहज मरत नाहीत, आणि मग कल्चरमध्ये वाढून गोंधळ घालतात.

मग मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकायचं. घट्ट, चिकट बेडका हवा. पातळ लाळ नको. दोन मिली तरी असावा. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, झाकण घट्ट फिरवा.

सगळ्यात जास्त नासधूस मात्र वाटेत होते, असं माझं मत आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. मोहोळहून निघालेली डबी गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली, तर साध्या जंतूंना वाढायला तेवढं पुरतं. डबी मिळाल्यावर शक्यतो आरोग्य केंद्रावरच सकाळी नमुना द्या, म्हणजे तो लगेच फ्रीजमध्ये जाईल. 2 ते 8 अंशांवर ठेवून, बर्फाच्या पॅकसोबत तो तीन दिवसांच्या आत लॅबला पोचायला हवा. शनिवारी दिलेला नमुना बऱ्याचदा सोमवारपर्यंत पडून राहतो, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस निवडा.

पुन्हा तोच शेरा आला तर टीबी सुपरवायझरना रिपोर्टवरच्या दोन तारखा दाखवा: नमुना घेतल्याची आणि लॅबला मिळाल्याची. मधे पाच-सहा दिवस गेले असतील तर चूक वडिलांच्या खोकण्यात नाही, वाहतुकीत आहे. तसं स्पष्ट सांगून पुढचा नमुना कोल्ड बॉक्समधून पाठवायला लावा.