वॉर्डातून पॉलिसीकडे जाता येतं का?

प्रश्न: ताई, मी बीएससी नर्सिंग केलंय, कोपरखैरणेच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात चार वर्षं स्टाफ नर्स आहे. नाइटला जनरल वॉर्डात २४ पेशंट आणि आम्ही दोघी. मॅट्रनला, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, सांगितलं तर म्हणतात वरूनच असं ठरलंय. मग हे ठरवतं कोण आणि तिथे नर्सला जागा असते का? घरचे म्हणतात सरळ जर्मनीला जा.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: अगं, जागा असते, पण कुणी बोलावून बसवत नाही, आपणच जायला लागतं. इंडियन नर्सिंग कौन्सिल, म्हणजे नर्सिंगची देशातली नियामक संस्था, तिच्या नॉर्म्सप्रमाणे साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, तुझ्या वाट्याला बारा येतायत. पगाराचंही तेच, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन सुप्रीम कोर्टात गेली, २०१६ मध्ये कोर्टाने केंद्राला कमिटी नेमायला सांगितली, कमिटी म्हणाली अगदी ५० बेडपेक्षा लहान प्रायव्हेट हॉस्पिटलातही २० हजारांच्या खाली पगार नको, पण आरोग्य पडला राज्यांचा विषय, त्यामुळे अंमलबजावणी राज्यांवर आली आणि तुझ्या किती मैत्रिणींच्या हातात तेवढे पडतात ते तूच बघ. कागदावरचं वॉर्डात का उतरत नाही हे शोधायला नाइट केलेलं माणूस पाहिजे गं, असं मला मनापासून वाटतं.

अशा पॉलिसीच्या, म्हणजे आरोग्य धोरणाच्या, कामाचं शिक्षण घ्यायला लांब जायला नको. देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स डिग्री, आहे, वाशीहून हार्बरने गोवंडीला उतरायचं. तुझी डिग्री आहे म्हणून सोपं, जीएनएमवाल्या, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या, मैत्रिणींना आधी पोस्ट बेसिक बीएससी करून डिग्री घ्यावी लागेल. पुढे एनएचएम (सरकारचं राष्ट्रीय आरोग्य अभियान), संस्था, रिसर्च अशी कामं मिळतात, मात्र एनएचएममधल्या बऱ्याच पोस्ट कंत्राटी असतात, घरचे हप्ते असतील तर हे आधी घरात बोलून घे.

आणि नोकरी लगेच सोडू नकोस. एक साधी वही कर, रोजची तारीख, शिफ्ट, किती पेशंट, किती नर्स, कुठलं औषध किती वाजताचं होतं आणि दिलं किती वाजता. पेशंटचं नाव, बेड नंबर अजिबात लिहू नकोस. तीन महिन्यांनी ‘आमच्यावर लोड आहे’ असं म्हणायच्या ऐवजी, रात्री दहाचं अँटिबायोटिक कितीदा साडेअकराला गेलं ते तू मॅट्रनना दाखवू शकशील. जर्मनीचं दोन वर्षांनीही बघता येईल, वही मात्र आजच्या नाइटपासून सुरू कर.