कॉकॅटिएल फक्त बियाच खातो
प्रश्न : आमचा दोन वर्षांचा कॉकॅटिएल (तुरा असलेला छोटा पोपट) सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या निवडून खातो आणि गोळी-खाद्याला (पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या तयार खाद्यगोळ्या, म्हणजे पेलेट) चोचही लावत नाही. त्याला उपाशी ठेवून सवय लावावी का?

उत्तर : कृपया उपाशी ठेवू नका. जेमतेम ८० ते १०० ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याला उपवास लवकरच जिवावर बेततो. तुमची काळजी मात्र रास्त आहे, कारण सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर असून अ जीवनसत्त्व व कॅल्शियम फार कमी असते, त्यामुळे केवळ त्यांच्यावर वाढलेल्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठू शकते. बियांत थोडे गोळी-खाद्य मिसळून त्याचे प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. पक्षी थव्याचे पाहून शिकतो, म्हणून त्याच्यासमोर तुम्ही स्वतः गाजर खाल्ल्यास तोही कुतूहलाने चाखून पाहील. दहा वेळा नाकारले तरी अकराव्यांदा द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. या काळात रोज सकाळी त्याचे वजन करा आणि ते दहा टक्क्यांनी घटल्यास पशुवैद्यांकडे न्या. ॲव्होकाडो व चॉकलेट विषारी असल्याने कधीही देऊ नका.