लडाखला जा रे, पण ५ लाखांचं कर्ज पाठीवर घेऊन नको

चाकणहून एकाचा मेसेज आलाय, बराच लांब आहे, तर आधी थोडक्यात सांगते. वय ३३, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, हातात ५४ हजार येतात. मोशीला फ्लॅट, त्याचा हप्ता १६,८००. एसआयपी ५ हजारांची, घरखर्च २२ हजारांच्या आसपास. बायको घर बघते, मुलगी साडेतीन वर्षांची. बँकेत अडीच लाखांची एफडी. २०१७ची पल्सर २२० आहे, चांगल्या कंडिशनमध्ये आहे म्हणतो. कॉलेजपासून लडाखचं स्वप्न, ग्रुपमधले चार मित्र पुढच्या वर्षी निघतायत, आणि ह्याला त्यासाठी नवीन हिमालयन ४५० बाईक घ्यायचीय. कोटेशन आणलंय, ऑन-रोड ३ लाख ७०. जॅकेट, हेल्मेट, बॅगा वगैरे ५० हजार, ट्रिपचे ८० हजार. एकूण ५ लाख. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी मिळतंय, नाहीतर एफडी मोडून उरलेल्याला बायकोचं सोनं तारण ठेवायचं असा प्लॅन बी. प्रश्न असा की "ताई, दोन्हीतलं कुठलं बरं पडेल?"

ताई म्हटलंयस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको. दोन्हीतलं एकही नाही.

पण थांब, लगेच "सल्लागार लोकांना मजा कळत नाही" म्हणू नको, कारण मी तुला ट्रिप कॅन्सल करायला सांगतच नाहीये. तुझाच हिशोब परत वाच. ५ लाखांत लडाख किती आहे? ८० हजार. बाकीचे ४ लाख २० हजार लडाखचे नाहीयेत, ते शोरूमचे आहेत. तू दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यास आणि मग पोतं जड लागतंय म्हणून हमाल शोधतोयस.

लोनचं गणित करून बघितलं. ५ लाख, १४ टक्के, ४८ महिने म्हणजे हप्ता साधारण १३,६६०. आणि तुझ्या हातात सगळं जाऊन उरतात १० हजार २००. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून साडेतीन हजारांचा खड्डा, तो मग एकतर एसआयपी बंद करून भरणार नाहीतर क्रेडिट कार्डावर, आणि कार्डावर गेलास की तिथून परत यायचा रस्ता लडाखच्या वाटेवरच्या झोजिला घाटापेक्षा वाईट आहे. चार वर्षांत भरशील ६ लाख ५५ हजार, त्यातले दीड लाखाच्या वर नुसतं व्याज. त्या व्याजात तुझ्याच बजेटने लडाखच्या जवळजवळ दोन ट्रिपा होतात.

सोन्याचं म्हणशील तर गोल्ड लोन पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं हे खरंय, पण ते सोनं तुझं नाही. मेसेजमध्ये बायकोबद्दल एकच ओळ आहे, "ती काही म्हणत नाही". अरे, लग्नाला इतकी वर्षं झाली, काही म्हणत नाही म्हणजे काय म्हणतेय ते तुला कळायला पाहिजे. आणि एफडी मोडायचा विषय तर सोडूनच दे, हप्ता आणि घरखर्च धरून ती एफडी तुमचं घर सहा-साडेसहा महिने चालवेल एवढीच आहे, कंपनीत लाईन बंद पडली तर तेवढीच आहे.

आता आमच्या घरातलं सांगते, नवऱ्याची परवानगी घेतलीय. २०१३ला त्याने "लडाखसाठी" बुलेट घेतली, कर्ज काढूनच. पहिलं वर्ष लोणावळा, माळशेज, एकदा महाबळेश्वर. दुसऱ्या वर्षी पाठ धरली. मग ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. कव्हरचा रंग उडून पांढरं पडलं, बॅटरी दोनदा उतरली, आणि एका पावसाळ्यात सोसायटीच्या मांजरीने कव्हरच्या आत सीटवर तीन पिल्लं घातली म्हणून महिनाभर कोणी हातच लावला नाही, हप्ता मात्र चालू. शेवटी २०१६ला आम्ही लडाखला गेलो. कसे? रजा नव्हती म्हणून विमानाने, आणि लेहमध्ये भाड्याची बुलेट घेतली. आमची स्वतःची पुण्यात पार्किंगमध्ये. लेहजवळचा खारदुंग ला घाट चढताना दोन वळणांवर इंजिनने मान टाकली, मला खाली उतरवलं, मी दहा-बारा पावलं चालले असेन तर छाती अशी फुटायला आली की मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून रडायलाच लागले आणि शेजारून एक लष्कराचा ट्रक गेला त्यातला जवान हसला. आजही ती ट्रिप आमच्या आयुष्यातली सगळ्यात भारी ट्रिप आहे. आणि त्या बाईकचा नंबरसुद्धा आम्हाला आठवत नाही.

म्हणून "भाड्याची बाईक म्हणजे खरी राइड नाही" हे जे तुझ्या ग्रुपचं म्हणणं आहे ते मला पटत नाही. पण ठीक आहे, ज्याचं त्याचं. तुला स्वतःच्याच बाईकवर जायचं असेल तर पल्सर आहे ना! खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. मग कुठलंही इंजिन अर्धमेलं होणारच. फ्युएल इंजेक्शनवाली बाईक पेट्रोलचं प्रमाण हवेप्रमाणे आपोआप जुळवून घेते, तुझी कार्ब्युरेटरवाली जरा जास्त कुरकुरेल, सकाळी स्टार्ट व्हायला नाटकं करेल, पण इंजेक्शन असलं तरी नसलेली हवा कुठून आणणार? लोक स्प्लेंडरवर जाऊन आलेत. चांगला मेकॅनिक गाठ, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, टायर, ब्रेक पॅड, कार्ब्युरेटर साफ, मी १४ हजार धरलेत.

दोन रस्ते मांडते, आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तू फोन करून पक्के कर.

एक, पल्सर झेलम एक्स्प्रेसने जम्मूपर्यंत पार्सल. पुण्यातून सुटते, शेवटचं स्टेशन जम्मू तावी, त्यामुळे मधल्या स्टेशनवर दोन मिनिटांत गाडी उतरवायची धावपळ नाही. टाकी पूर्ण रिकामी करून न्यायची, आरसीची (गाडीच्या नोंदणीची) कॉपी लागते, गोणपाटात पॅकिंग करून घ्यायचं आणि आरसे काढून बॅगेत ठेवायचे, नाहीतर ते फुटलेच समज. बाईक त्याच गाडीने येईल असंही नसतं, म्हणून एक दिवस हातात ठेव. पुणे ते लेह बाईकवरच जायचं म्हटलं तर जाऊन-येऊन पाचेक हजार किलोमीटर होतात आणि त्यातला बहुतेक भाग नुसता सपाट हायवे, ट्रकच्या मागे धूर खात, त्यासाठी रजा घालवायची का हे तूच ठरव. जम्मूहून श्रीनगर, कारगिल, लेह असं गेलास की उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते. खर्च हजारांत असा, पार्सल आणि तुझं तिकीट दोन्ही बाजूंचं मिळून २०, पेट्रोल ६-७, अकरा-बारा रात्री शेअरिंगमध्ये ११-१२, खाणं १०, बाईकचं काम १४, बूट-ग्लोव्ह्ज-रेनकोट वगैरे १५ आणि राखीव १५. सगळं ९१-९३ हजार.

दुसरा रस्ता आमच्यासारखा, विमानाने लेह, पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं (हे सक्तीचं समज, साडेतीन हजार मीटरवर थेट उतरून लगेच बाईकवर बसणारे तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनच्या नळीवर दिसतात), मग सहा दिवस भाड्याची बाईक. भाडं बाईक आणि सीझनप्रमाणे दीड ते अडीच हजार रोज. विमान २२ धरलं तरी हे ७८ हजारांच्या आसपास बसतं. दोन्हीत फरक १३-१५ हजारांचा, पण खरा फरक रजेचा आहे. तुझ्याकडे १२ पगारी रजा आहेत. ग्रुप पुण्याहून बाईकनेच जायचं म्हणतोय, त्याला वीस दिवस लागतील, म्हणजे रविवार धरूनसुद्धा पाच-सहा दिवस बिनपगारी, रोजचे २ हजार पकड, दहा-बारा हजार असेच गेले. हे तुझ्या बजेटमध्ये कुठेच नाही.

कोणी म्हणेल मनालीहून भाड्याने घे, स्वस्त पडेल. नाही पडणार. बाहेरून भाड्याने आणलेली बाईक लेहचे लोक नुब्रा खोऱ्यात, पँगाँग तलावाला फिरवू देत नाहीत, अडवतात, मग तिथली वेगळी घ्यावी लागते आणि मनालीवाली हॉटेलसमोर उभी राहून भाडं खाते. स्वतःच्या नावावरची बाईक असेल तर हा प्रश्न नाही.

मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंयस की एक मित्र त्याची हिमालयन द्यायला तयार आहे. हे मला खरं तर सगळ्यात जास्त खटकलं. कारण विम्यातलं ते जे १५ लाखांचं सक्तीचं अपघाती कव्हर असतं ते मालक-चालकासाठी असतं, मालक स्वतः चालवत असेल तर. तू मित्राची बाईक घेऊन गेलास आणि काही झालं तर त्यातनं तुझ्या घरी एक रुपया येणार नाही. आणि नाल्यात बाईक बंद पडून इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत तेही बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. लडाखच्या रस्त्यावर नाले असतातच, सकाळी घोट्याएवढे, दुपारी वरचा बर्फ वितळला की गुडघ्याला. म्हणून जुने लोक पहाटे निघतात. मित्राची साडेतीन लाखांची गाडी त्यात घालून मैत्री टिकवायची हे कुठल्याच एक्सेलमध्ये बसत नाही.

आणि तुझा टर्म इन्शुरन्स, म्हणजे तुला काही झालं तर घरच्यांना पैसे देणारा विमा, नाहीये!! कंपनीचं मेडिक्लेम ३ लाखांचं, नोकरी गेली की तेही गेलं. घराचं कर्ज डोक्यावर, मुलगी साडेतीन वर्षांची, आणि तू ५ हजार मीटरवर दरीच्या कडेने जाणार. ट्रिपचा पहिला खर्च हाच. १ कोटीचं टर्म तुझ्या वयाला, सिगरेट नसेल तर, महिना हजार-बाराशेत होतं, वर हजारभर रुपयांत घरच्यांसाठी टॉप-अप (कंपनीच्या मेडिक्लेमच्या वरचा खर्च उचलणारी) हेल्थ पॉलिसी. २२ सप्टेंबर २०२५पासून ह्या वैयक्तिक पॉलिस्यांवर जीएसटीही नाही. फॉर्ममध्ये बाईक टूरिंगचं विचारलं तर खरं लिही, लपवू नको. ट्रिपपुरती वेगळी अपघात पॉलिसीही घे, दीडेक हजारांत होईल.

मग उरले १० हजार २०० मधले ८ हजार. ते आरडीत (बँकेतल्या दरमहा ठेवीत) टाक, ११ महिन्यांत ८८ हजार, वर थोडं व्याज, आणि दिवाळीचा बोनस जो काय असेल तो. कर्ज न काढता ट्रिप उभी राहिली, पुढच्या सप्टेंबरची. सप्टेंबरच बरा, जूनमध्ये घाटात बर्फ असतो, जुलै-ऑगस्टला हिमाचलात दरडी. ग्रुप जूनचाच हट्ट धरून बसला तर त्यांना जाऊदे.

त्याआधी एक काम कर, येत्या थंडीत पाच दिवस पल्सर घेऊन कोकण कर. मुरूडहून आगरदांडा-दिघी बोट, पुढे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, बाईक बोटीत चढवत चढवत गणपतीपुळे, जमलं तर मालवण. ६-७ हजारांत होतं. ह्यात कळेल की सलग पाच दिवस सीटवर बसवतं का, पाठ काय म्हणते, आणि त्या चार मित्रांपैकी कोण रोज सकाळी अकराला उठतो. आमच्या ह्यांना हे आधी कळलं असतं तर बुलेट वाचली असती. आणि बायकोला विचार येतेस का, मुलगी आजीकडे राहील.

रोख पैशाचं विसरू नको. लडाखला आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं, आणि लेह सोडलं की तेही बऱ्याच ठिकाणी मुकं. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआय नाही. राखीवातले १० हजार नोटांत ठेव, दोन ठिकाणी विभागून. मनालीच्या बाजूने गेलास तर तांडी गावच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा तो फेमस बोर्ड आहे, त्याच्यासोबत फोटो सगळेच काढतात, कॅन भरायला मात्र निम्मे विसरतात.

नवीन बाईक कधीच नको असं नाही म्हणत मी. दोन वर्षांनी पगार वाढला, पल्सर विकून आणि साठवून निम्मे पैसे हातात असले, आणि रोज चाकणला जायला तीच वापरणार असलास तर घे, फक्त त्याला लडाखचं निमित्त लावू नको. तेव्हा हेही बघ की ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर आता १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४०. ४५० घेतोस म्हणजे त्या शंभर सीसीसाठी सरकारला किती देतोयस ते कोटेशनमध्ये एकदा वेगळं काढून बघ.

शोरूमला टोकन दिलं असशील तर उद्याच जाऊन परत माग, थोडे कापले तरी चालतील. टर्मचं मेडिकल झालं की मला कळव, मग आरडीचं बघू.