ब्रिटनच्या स्वतःच्या भूमीवरची शेवटची लढाई कोणती?

'ब्रिटन' आणि 'लढाई' या दोन शब्दांत तुम्ही काय काय धरता, त्यावर उत्तर बदलतं. माझं मत विचाराल तर स्कॉटलंडमधली कलोडनची लढाई, १६ एप्रिल १७४६.

फक्त इंग्लंड धरलंत तर बरेच जण १६८५ ची सेजमूर सांगतील. काही जण १७१५ ची प्रेस्टन पुढे करतात, पण ती गल्लीबोळांत अडथळे उभारून लढलेली, वेढ्याकडे झुकणारी.

मला गंमत वाटते ती ग्रेव्हनी मार्शची. २७ सप्टेंबर १९४० ला केंटमधल्या या दलदलीत जर्मनांचं एक जुंकर्स ८८ विमान उतरलं. लंडन आयरिश रायफल्सची तुकडी जवळच्या पबमध्ये मुक्कामाला होती. जवान विमानातल्या चौघांना धरायला गेले, तर समोरून मशीनगन सुरू! थोडा गोळीबार झाला, मग चौघांनी हात वर केले. मेलं कुणीच नाही. नंतर कैद्यांना त्याच पबात बिअर पाजली म्हणे. याला लढाई म्हणायचं, तर आमच्या गावची ग्रामपंचायत निवडणूकही त्यात बसेल. ही चकमक.

१७९७ मध्ये वेल्समधल्या फिशगार्डला सुमारे चौदाशेंची फ्रेंच फौज उतरली आणि दोन दिवसांत शरण आली. आक्रमण खरं, पण लढाई झालीच नाही.

कलोडनला मी गेलोय. इन्व्हर्नेसजवळचा माळ, पायाखाली अजून पचपचतं. लाल निशाणं सरकारी फौजेची रांग दाखवतात, निळी जॅकोबाइटांची, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठी बंड करणाऱ्यांची. मधलं अंतर मी रमतगमत चाललो. जॅकोबाइटांनी ते तोफांच्या माऱ्यात पार केलं, तेही आदल्या रात्री छापा घालायला निघून अर्ध्या वाटेवरून परतल्यावर, उपाशीपोटी, डोळ्याला डोळा न लागता. तासाभराच्या आत खेळ आटोपला. दोन्हीकडे रीतसर फौजा, दोघंही लढायचं ठरवून मैदानात उतरलेले; माझी कसोटी एवढीच. फक्त याला 'इंग्रज विरुद्ध स्कॉटिश' म्हणू नका, सरकारी फौजेतही स्कॉटिश पलटणी होत्या. पुढे ५७ वर्षांनी हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पलटणी इंग्रजांकडून आपल्या जालन्याच्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून आल्या.

आणि आयर्लंडही धरायचं असेल तर १७९८ च्या उठावातल्या लढाया कलोडननंतरच्या आहेत. पण आयर्लंडला 'ब्रिटनची भूमी' म्हणायचं असेल, तर ते डब्लिनच्या माणसासमोर म्हणू नका.