फ्रेज कुठे जोडायची आणि कुठे सोडायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शॉर्टहँडचा स्पीड मिनिटाला ८० शब्दांवर अडकलाय. पुस्तकातली फ्रेजची (म्हणजे पेन न उचलता एकत्र जोडून लिहायच्या शब्दांची) यादी तोंडपाठ आहे, पण डिक्टेशन सुरू झालं की नेमकी फ्रेज आठवेपर्यंत वाक्य निघून जातं. ज्या लिहिल्या जातात त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या दिवशी वाचताना लागत नाहीत. मग आणखी फ्रेज पाठ कराव्यात की स्वतःच्या तयार कराव्यात? आणि जाता जाता, भाषणांतल्या ‘या ठिकाणी’चं काय करायचं?

माझ्या मते सध्या दोन्ही नको. उलट पाठ केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त फ्रेज काही दिवस बाजूला ठेवा. साधा हिशेब बघा. ८०च्या स्पीडला एका शब्दाच्या वाट्याला पाऊण सेकंद येतो, १००ला ०.६ सेकंद. दोन शब्द जोडले की वाचतो तो पेन एकदा उचलून पुढे टेकवायचा वेळ, म्हणजे सेकंदाचा एखादा तुकडा. आणि ‘अरे, याची फ्रेज होती की’ म्हणत तुम्ही दीड सेकंद घुटमळलात तर दोन शब्द मागे पडलात. आठवून लिहिलेली फ्रेज तोट्यातच जाते. जी हातातून आपोआप उतरत नाही ती सुट्या शब्दांत लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

आपोआप उतरतं ते बोलणारा एका दमात आणि वारंवार बोलतो ते. छापील याद्या नियमांप्रमाणे लावलेल्या असतात: हूकच्या (रेघेच्या टोकाला आकडा असलेल्या) एकत्र, सर्कलच्या (छोट्या वर्तुळाच्या) एकत्र. त्यामुळे दर पानावर लागणारी फ्रेज आणि वर्षातून एखाद्या वेळी लागणारी फ्रेज मांडीला मांडी लावून बसतात आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. पाठांतराचा निम्मा जोर तिथेच वाया जातो.

वाचताना न लागणाऱ्या फ्रेजचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही पिटमन लिहिता, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा छापली, आणि तिचा सगळा डोलारा स्ट्रोकची (व्यंजनासाठी काढायच्या रेघेची) दिशा, जाडी, लांबी आणि ओळीच्या संदर्भातली जागा म्हणजे पोझिशन यावर उभा आहे. फ्रेज केली की यातली एक गोष्ट हातची जाते. पोझिशन पहिल्या शब्दाची धरायची असते, दुसरा शब्द मग जिथे पडेल तिथे पडतो. पुढच्या शब्दाची जागा टिकावी म्हणून पहिला किंचित वर-खाली सरकवायची मुभा आहे, पण ती थोड्याच फ्रेजपुरती. म्हणजे एरवी पोझिशनवरून जो स्वर कळला असता तो दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत कळत नाही. तो शब्द अंदाजाने ओळखता येणार असेल तरच जोडणं परवडतं.

आता एकच स्ट्रोक जवळून बघा: ‘इफ’मधला एफ. तो नेहमीच्या लांबीचा. अर्धा केला की ‘इफ इट’. दुप्पट केला की ‘इफ देअर’. अर्ध्याच्या टोकाला छोटं सर्कल लावलं की ‘इफ इट इज’, दुप्पटच्या टोकाला लावलं की ‘इफ देअर इज’. कागदावर हे इतकं सुरेख दिसतं की कुणीही मोहात पडावं. पण स्पीड वाढला की अर्धा स्ट्रोक लांबतो, दुप्पट आखडतो, आणि तिन्ही पाऊणपट ते सव्वापट या पट्ट्यात येऊन बसतात. मग ‘इफ इट इज अ डीले’ की ‘इफ देअर इज अ डीले’? व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बसतात, अर्थ मात्र वेगळा. तुमचं वहीचं पान मी पाहिलेलं नाही, पण न लागणाऱ्या फ्रेजमध्ये अर्ध्या-दुप्पटच्या फ्रेज किती आहेत ते मोजा. बहुतेक तिथेच पाणी मुरतंय. उपाय सोपा आहे: अर्धा स्ट्रोक अर्ध्याहूनही आखूड काढायचा, दुप्पट तर मुद्दाम ताणायचा. पुस्तकातल्या मापापेक्षा तुमच्या हातात या लांबींमध्ये किती अंतर राहतं, ते महत्त्वाचं.

याच्या उलट एन हूक. ‘आय हॅव बीन’मध्ये व्हीला शेवटी हूक लावला की ‘बीन’, ‘मोअर दॅन’मध्ये तोच हूक ‘दॅन’, ‘अवर ओन’मध्ये तोच ‘ओन’. एका हूकला तीन अर्थ आहेत तरी घोळ होत नाही, कारण ‘मोअर’नंतर ‘बीन’ येऊच शकत नाही आणि ‘हॅव’नंतर ‘दॅन’ येत नाही. आधीचा शब्दच निकाल लावतो. ‘नंबर ऑफ’मध्ये ‘ऑफ’साठी येणारा एफ-व्ही हूक तसाच. ‘मस्ट बी’मधला टी गाळतात, ‘मोअर अँड मोअर’मधला ‘अँड’ गाळतात, आणि या फ्रेज कधीच अडत नाहीत.

म्हणून एखादी फ्रेज ठेवायची की नाही, हे मी ती किती छोटी आहे त्यावर ठरवत नाही. जे गाळलं त्या जागी दुसरा कुठला शब्द बसतो का, ते बघतो. बसत नसेल तर बिनधास्त गाळा. बसत असेल तर पेन उचला.

तुम्ही मराठी डिक्टेशनही घेता, आणि तिथली अडचण वेगळ्या जागी आहे. इंग्रजीत फ्रेजची गर्दी वाक्याच्या सुरुवातीला आणि शब्दांच्या मधल्या फटींत असते: ‘आय हॅव बीन’, ‘देअर इज’, ‘ऑफ द’. मराठीत त्या फटी नाहीतच. ‘चा’, ‘ला’, ‘साठी’, ‘मध्ये’ आधीच शब्दाला चिकटून येतात. मराठीची फ्रेज वाक्याच्या शेवटी क्रियापदाच्या शेपटीत साठलेली असते. ‘करण्यात आले आहे’, ‘करण्यात येत आहे’, ‘करण्यात येईल’, ‘करण्यात येणार नाही’, ‘करण्यात येऊ नये’. कुठलंही सरकारी भाषण घ्या, यातलं काहीतरी दर दोन-तीन वाक्यांनी येतंच.

आता यात दाबायचं काय? बहुतेक जण शेपटी दाबतात, कारण ती सवयीची झालेली असते आणि तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. खरं तर उलटं करायला हवं. ‘करण्यात’ हा भाग सगळीकडे तोच आहे, त्यात माहिती शून्य. तो हवा तितका आवळा, तुमच्या पद्धतीत चालत असेल तर एका स्ट्रोकवर आणा. पण त्यानंतरचं ‘आले’, ‘येत’, ‘येईल’, ‘येणार’ स्पष्ट राहू द्या, कारण काम झालंय, चालू आहे की नुसतं आश्वासन आहे, ते तिथेच कळतं.

शेपटीतही एक गोष्ट खुशाल सोडता येते: लिंग-वचनाचा स्वर. ‘मुद्दा मांडण्यात आला’, ‘कारवाई करण्यात आली’, ‘आदेश देण्यात आले’. आला-आली-आले हे लिहिताना दाखवलं नाही तरी ‘मुद्दा’ आणि ‘कारवाई’ ते सांगतात. (‘आदेश’सारख्या शब्दाला एक की अनेक हा प्रश्न उरतो. तिथे स्वर टाका.) स्वराची खूण लावायला हात मागे जातो, तो वेळ पेन उचलण्यापेक्षा जास्त असतो. मराठीत स्पीडला खरी बचत मला इथेच दिसते.

आणि ‘नाही’. यावर मी हट्टी आहे. ‘नाही’, ‘नये’, ‘नसून’, ‘न’ यातलं काहीही फ्रेजमध्ये विरघळू द्यायचं नाही. इंग्रजी पिटमनमध्ये हूक आणि अर्धा स्ट्रोक मिळून ‘नॉट’ होतो, म्हणजे हूक हुकला किंवा लांबी चुकली की वाक्याचा अर्थ उलटला. तो नियम अधिकृत आहे आणि मुरलेल्या हाताला चालतोही, पण ८०वर अडकलेल्या हाताने ‘नॉट’ पूर्ण लिहावा. दोन शब्द मागे पडलेले भरून काढता येतात. ‘देता येईल’चं ‘देता येणार नाही’ झालं तर निस्तरता येत नाही.

जोडायचं कुठवर, याचा साधा नियम आहे: बोलणारा थांबतो तिथे पेन उचला. ‘अर्ज आला आहे, असे ते म्हणाले’ यात ‘आहे असे’ यादीत असेलही, पण बोलणाऱ्याने मधे श्वास घेतला तर ती फ्रेज नाही. तुम्ही जोडलीत तर ट्रान्सक्रिप्शनला (वहीवरून मजकूर उतरवताना) स्वल्पविराम हरवतो आणि वाक्य भलतीकडे तुटतं. याउलट ‘असे दिसते की’, ‘असे मला वाटते’, ‘त्याचप्रमाणे’ यात कुणीच थांबत नाही, ते एका ओघात लिहा. लांबलचक फ्रेजच्या नादी लागू नका. चार-पाच स्ट्रोक ओळीने खाली उतरले की आउटलाइन (लिहिलेला सगळा आकार) खालच्या ओळीत घुसते. पिटमनच्या फ्रेजला लिहायला सोपी, ओळ धरणारी आणि वाचता येणारी अशा तीन अटी आहेत. त्यातल्या मधल्या अटीकडे सगळे दुर्लक्ष करतात.

विषयातले नेहमीचे शब्द हा वेगळा प्रकार. तिथे एक स्ट्रोक दुसऱ्याला छेद देऊन काढायची सोय फार कामाची आहे: पी ‘पार्टी’साठी, जी ‘गव्हर्नमेंट’साठी, डी ‘डिपार्टमेंट’साठी, के ‘कंपनी’साठी. मराठीत ‘समिती’, ‘विभाग’, ‘महामंडळ’ यांच्यासाठी असंच ठरवता येतं. मात्र एका बैठकीत एका स्ट्रोकला एकच अर्थ. ‘समिती’ आणि ‘संस्था’ दोन्ही एसने कापायला लागलात तर दुसऱ्या दिवशी देव आठवेल.

स्वतःच्या फ्रेजची जागा आहे ती इथे. भाषणात एखादं लांब नाव पुन्हा पुन्हा येणार असं दिसलं तर पहिल्यांदा ते पूर्ण लिहा आणि समासात त्याचा लहान आकार काढून ठेवा. दुसऱ्या खेपेपासून तो आकार वापरा. ते पान वाचताना किल्ली शेजारीच असते. अशी फ्रेज त्या दिवसापुरती. ती कायमच्या वहीत उतरवायची घाई नको.

ग्रेग ही शॉर्टहँडची दुसरी पद्धत लिहिणाऱ्यांनी हे वाचलंच असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात: १८८८ची ती पद्धत जाड-बारीक मानत नाही, सगळी भिस्त वळणदार जोडणीवर आहे, त्यामुळे तिथे फ्रेज हाताला जास्त सहज येते. ‘इयर्स अगो’मधल्या ‘अगो’ला नुसता जी पुरतो, कारण त्या जागी दुसरं काही बसत नाही. कसोटी तीच.

सरावाचं म्हणाल तर यादी मिटून ठेवा आणि रोज एक पॅसेज घ्या. लिहायच्या आधी छापील मजकुरात एका दमात बोलले जाणारे तुकडे पेन्सिलीने अधोरेखित करा आणि त्यातले जेमतेम चार-पाच निवडा. ते तुकडे ओळभर गिरवा. मग ६०च्या स्पीडला तोच पॅसेज घ्या, मग ७०, मग ८०. त्या दिवशी बाकी एकही फ्रेज करायची नाही, यादीत असली तरी. आणि ट्रान्सक्रिप्शन लगेच करू नका. लगेच केलेलं वाचन हे निम्मं आठवणीवर चालतं, त्यात आउटलाइनची परीक्षा होत नाही. दोन दिवसांनी तीच वही उघडा. जिथे अडाल तिथे खूण करा. तीच फ्रेज वेगळ्या पॅसेजमध्ये पुन्हा अडली तर ती काढून टाका आणि ते शब्द सुटे लिहायला लागा. अशाने पंधरवड्यात पन्नासेक फ्रेज मुरल्या तरी १००पर्यंत जायला त्या पुरतात, कारण नेहमी येणारे तुकडे तेवढेच असतात.

राहिलं ‘या ठिकाणी’. भाषणात ते सारखं येतं आणि बहुतेक वेळा कुठल्याही ठिकाणाकडे बोट दाखवत नाही. शब्दशः अहवाल हवा असेल किंवा परीक्षा असेल तर ते लिहावंच लागतं, तेव्हा त्याच्यासाठी एकच छोटा आकार ठरवून टाका आणि विचार न करता टाकत चला. इतिवृत्त असेल तर तो आकार वाचताना गाळा. पण ‘या ठिकाणी पूल बांधण्यात येणार आहे’ अशा वाक्यात ते खरंच ठिकाण असतं. तिथे दोन्ही शब्द सुटे आणि पूर्ण लिहा. मग मजकूर टाइप करताना गाळायचं कुठलं आणि ठेवायचं कुठलं, ते आकारावरूनच कळेल.